इंदूबाईंचा रानकांदा

इंदूबाई पाटील यांची आणि माझी पहिली भेट धुळ्याच्या महाविद्यालयात झाली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. वनस्पतिशास्त्र विभागात मी नुकताच रुजू झालो होतो; बाई तिथे आधीपासून शिकवत होत्या. व्हरांड्यात मातीने भरलेले पत्र्याचे डबे मांडलेले होते. त्यांत एक पानही नव्हते.

"हे रिकामे डबे हलवायचे का?" मी विचारले.

"रिकामे नाहीत, सर. यांत कंद आहेत," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात फुलतात, मग मातीत झोपतात. उन्हाळ्यात तेवढं पाणी घालू नका, कुजतील."

रानातल्या दुर्मीळ, इवल्या फुलांच्या कंदांचा बाईंना ध्यास होता. त्यासाठी त्या सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हिंडत. पुष्कळ कंद दिसले तरच एक काढायचा, हा त्यांचा दंडक. माणसांनाही त्यांनी असेच जपले. फैजपूरच्या एका विद्यार्थिनीचे शिक्षण थांबणार असे कळताच त्या एसटीने तिच्या गावी गेल्या, केळीच्या बागेत बसून वडिलांशी बोलल्या, आणि मुलीला पदवी मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवून घेतले.

धुळ्याजवळच्या एका टेकडीवर बाईंना नखाएवढ्या पांढऱ्या फुलाचा एक रानकांदा सापडला. इतरत्र तो आम्हाला कधीच दिसला नाही. पुढे त्या टेकडीवर खडीची खाण निघाली. बाईंनी कचेऱ्यांत खेटे घातले, पण उपयोग झाला नाही. सुरुंग लागण्याआधी मिळाले तेवढे कंद आम्ही त्यांच्या अंगणात आणले. ते वाढवून दुसऱ्या टेकडीवर लावायचे ठरले होते.

त्याच हिवाळ्यात बाईंचे पती भाऊसाहेब यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली. जे बोलत ते घरच्या अहिराणीत. वैशाखात परीक्षेचे काम आटोपून मी बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलो, तर अंगणातल्या सगळ्या डब्यांतली माती ओलीचिंब. बाईंनी एका डब्यात बोट खुपसले. कंदाचा लगदा झाला होता.

खुर्चीतून सगळ्या डब्यांकडे बघत भाऊसाहेब समाधानाने म्हणाले, "बठ्ठं कोरडं व्हतं. मी रोज पानी टाकस."

बाईंनी पदराला बोटे पुसली. "बरं कयं तुम्ही," बरं केलंत, असं त्या त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

फाटकापाशी मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "सर, त्यांना दिवसभरात तेवढंच एक काम जमतं."

पाऊस सुरू झाला. डबे तसेच राहिले. भाऊसाहेब विचारत, "आजून उगनं नही?" बाई सांगत, "यंदा उशीर शे." भाद्रपदात भाऊसाहेब गेले. कंद कुजल्याचे त्यांना कधीच कळले नाही.

बाईंवरच्या या लेखात हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा. पण त्यांनी ते मायेनं केलं, हे आधी लिहा." मला ते आधी लिहिता आले नाही, इथे लिहितो.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. गुडघे दुखतात, तरी दर श्रावणात त्या कुठल्या ना कुठल्या टेकडीवर तो रानकांदा शोधायला जातात आणि रिकाम्या हाताने परततात. त्यांना उदंड आयुष्य लाभो. ते फूल पुन्हा दिसेल, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. बाईंचे पाय मात्र धड राहोत, आणि चढणीवर त्यांच्यासोबत आमच्यापैकी कुणीतरी असो.