रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट

"बाबा, डावीकडं! डावीकडं घ्या!" मी ओरडत होते आन सासरे सगळा जोर लावून स्टेरिंग डावीकडं ओढत होते, तरी गाडी उजवीकडंच चाललेली. समोरून टँकर, त्याचा हॉर्न थांबंना, आन मांडीवर माझी दीड वर्साची पोर. बेटेगावच्या पुढं, पालघरच्या रस्त्याला. कशी वळली देवाला ठाव. टँकर घासून गेला आन आमी खाली चरात. मागचं बर्फाचं खोकं पुढं आलं, बोंबील सगळे माझ्या पाठीवर, पोर रडंना. रडतच नाय. मी हलवली, चापट मारली, तवा रडली. मग बघते तर बाबांचा हात मनगटापासून वाकडा लोंबतोय.

आदल्या दिवशीच बोईसरला चाकं सरळ करून, अलाइनमेंट करून आणलेली.

गाडी बाबांची, चाळीस वर्सांची जुनी. चिंचणीवरून पालघरच्या बाजारात मासळी न्यायला तीच. भरल्यावर बसू नये म्हणून बाबांनी मागं स्प्रिंगचे दोन दोन पाटे जास्तीचे घालून घेतलेले. त्यामुळं रिकामी असली की शेपूट वर, नाक खाली. आळीतले हसायचे, "काय काका, गाडी सूर मारते काय?" बाबा म्हणायचे, "तुझ्या नव्या गाडीत बोंबलाचे सहा क्रेट घाल, मंग दात काढ."

टायर एकाच बाजूनं झिजायला लागले म्हणून बोईसरला निघालो. बाबा म्हणाले, "क्रेट राहू दे आत." पण आदल्या खेपेला एका गॅरेजात माणसानं नाकाला रुमाल लावलेला, आन म्हणाला, "ये गाडी है के मच्छी का डब्बा?" ते माझ्या डोक्यात बसलेलं. बाबा आंघोळीला गेले आन मी क्रेट उतरवले, गाडी साबणानं तीनदा धुतली, सीटवर पोरीची पावडर मारली. बाबा बघून नुसते हसले.

दुकानात कम्प्युटरमधी ह्या गाडीचं मापच नव्हतं. मिस्त्री म्हणाला, दोरी लावून हातानं करतो. बाबा चहा सांगायला गेले तेवढ्यात तो वाकून मागचे पाटे बघत मला म्हणतो, "भाभी, गाडी खाली चलती है, के माल भरके? जैसी चलती है वैसा ही सेट करना पडेगा."

बाजूला दोन शिकलेल्या बायका बसलेल्या, त्यांची नवी गाडी लागलेली.

मी म्हणाले, "खाली. घर का आदमी बैठता है, बस."

"पक्का? इसमें वजन डालोगे तो गाडी हाथ में नहीं रहेगी."

"पक्का."

बाबा चहा घेऊन आले. मी काय बोलले नाय. दुसऱ्या दिवशी गाडी भरताना आठवलं होतं, खोटं कशाला सांगू. तोंडापर्यंत आलं आन गिळलं. वाटलं, मिस्त्री लोकं घाबरवतातच.

आता बाबांच्या उजव्या हाताला प्लास्टर हाय. नवऱ्यानं गाडीची चावी काढून घेतली. तो कंपनीतून आला की रोज तेच, "कोणी सांगितलेलं पाटे घालायला? नजर गेली तुमची, हात थरथरतात, आन माझी पोर घेऊन बसता!" बाबा उलट बोलत नाय. पयले बोलायचे. आता ओट्यावर बसून डाव्या हाताची बोटं उघडतात, मिटतात, बघत राहतात. पोर जवळ गेली तरी उचलत नाय, मला हाक मारतात, "घे गं हिला, माझ्या हाताचा भरोसा नाय."

काल भंगारवाला गाडी बघून गेला. तो गेल्यावर बाबांनी मला इचारलं, हळूच, नवरा आत जेवत होता, "पोरी, मी चहाला गेलो तवा मिस्त्री तुला कायतरी इचारत होता ना गं?"

मी म्हणाले, "नाय बाबा. कायच नाय."

त्यांनी मान हलवली. "मंग माझाच हात चुकला."

आज सकाळी गाडी न्यायला येणारेत. नवऱ्याला कळलं की पोरीचा जीव माझ्यामुळं जात होता, तर तो मला ह्या घरात ठेवील काय? आन नाय सांगितलं, तर हा माणूस मरेपर्यंत आपल्या हाताला दोष देत बसणार. बाहेर टेंपोचा आवाज येतोय, पोर कडेवर हाय, बाबा अजून ओट्यावरच हायत. तुमी माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? सांगा ना, काय केलं असतंत?