मान नको हलवूस

दिगूदादाला कुणी नुसती मान हलवून दिलेलं उत्तर चालत नसे. वैशाखरे गावातल्या आमच्या शेतावर कुणाला काही काम सांगितलं आणि समोरच्याने मान डोलावली, की तो तिथेच उभा राही. "मान नको हलवूस. मी काय सांगितलं ते तोंडाने बोल."

आमची जमीन अर्धेलीने करणारे धर्माबाबा याला फार वैतागत. "दिगू, नांगर धरून माझी हाडं झिजली, आन् तू मला पाठ म्हणाया लावतोस? आमी काय शाळंत हाय का रे?" पण दादा हलत नसे. मग म्हातारा सगळं म्हणून दाखवी: वरच्या खाचराचं पाणी सोडायचं, खालचं नाय सोडायचं, "आन् दिगूचं डोकं फिरलंय, ह्ये पन गावात सांगायचं."

"बरोबर," म्हणून दादा निघून जाई. तो हसत नसे.

मुलांनो, हा माझा थोरला भाऊ. तुम्ही विमानात बसून समुद्रावरून उडत येता आणि उडत जाता, म्हणून तुम्हाला त्याची ओळख असावी असं मला वाटतं.

आमचे वडील, अप्पा, शहापूरला मास्तर होते. घरात एक शिस्त होती. अप्पांना काही विचारायचं ते एकदाच. त्यांनी मान हलवली की होकार समजायचा आणि मागे सरायचं. पुन्हा विचारणं म्हणजे थोरांवर अविश्वास. दादाच्या अंगात ही शिस्त माझ्यापेक्षा जास्त भिनली होती. मी उलट विचारायची आणि मार खायची. दादाने कधी मार खाल्ला नाही.

आसनगाव स्टेशनच्या मास्तरांपाशी बसून तो तारेची कडकट्ट शिकला. पुढे मुंबईला जाऊन बिनतारी संदेशाचं शिक्षण घेतलं, आणि दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास विमानावर नोकरीला लागला. विमान कराचीहून मुंबईला येई, त्यात बराचसा रस्ता समुद्रावरून. दादा कॅप्टनच्या मागे बसायचा. इंजिनांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून जमिनीवरून आलेला निरोप तो कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि कॅप्टनच्या खांद्यावरून पुढे द्यायचा. सुट्टीला आला की हे सगळं आईला समजावून सांगायचा. आई म्हणायची, "म्हणजे तू आभाळातला टपालवाला."

त्या दिवशी मुंबईवर पावसाने अंधार केला होता. उतरता येणार नाही, पेट्रोल आहे तोवर मागे जामनगरला वळा, असा निरोप आला. दादाने चिठ्ठी लिहून पुढे दिली. कॅप्टनने समोर बघतच ती घेतली, मान हलवली आणि गुडघ्याखाली सरकवली. विमान वळलं नाही. दादाला वाटलं, त्यांनी काही ठरवलं असेल. शेजारी बसलेल्या दुय्यम वैमानिकाने चिठ्ठी दिलेली पाहिली होती. त्यालाही वाटलं, कॅप्टनने वाचली आहे, आपण कोण विचारणार? अशी तिघांची तोंडं गप्प, आणि खाली नुसतं पाणी.

परत वळण्याइतकं पेट्रोल उरलं नाही, तेव्हा कॅप्टन मागे वळून ओरडला, "मुंबई अजून काहीच कशी बोलत नाही?"

विमान किनाऱ्याच्या अलीकडे समुद्रात उतरलं. वसईकडच्या कोळ्यांनी होड्या घातल्या. दादा वाचला, दुय्यम वैमानिक आणि काही उतारू वाचले. कॅप्टन वाचला नाही.

चौकशीत साहेबांनी दादाला विचारलं, निरोप दिला होतास का? हो. त्याने मान हलवली का? हो. त्यापुढचं कुणी विचारलं नाही, आणि विचारल्यावाचून बोलायचं नाही हेही अप्पांनीच शिकवलेलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की कॅप्टनने निरोप धुडकावला. दादा नोकरी सोडून वैशाखऱ्याला आला.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला तिथे होते. मुरबाडकडून सर्व्हिस मोटार आली आणि एक वयस्क बाई उतरल्या. कॅप्टनच्या आई. आमच्या आईने पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. दादाकडे बघून म्हणाल्या, "लोक म्हणतात, माझ्या मुलाने हट्टाने माणसं मारली. तुम्ही त्याच्या मागे बसला होता. खरं काय ते सांगा."

खोटं न बोलता गप्प राहणं दादाला तेव्हाही शक्य होतं. तो म्हणाला, "हट्ट नव्हता, आई. त्यांनी चिठ्ठी वाचलीच नव्हती. मान हलवली, आणि मी पुन्हा विचारलं नाही."

त्यांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तो घरीसुद्धा न ऐकताच मान हलवायचा. जेवतोस का म्हटलं तरी. मी तीनतीनदा विचारायची."

आईने त्यांना जेवायला वाढलं. परतीच्या मोटारीत बसताना त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला. मोटार दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "दादा, त्यांनी तुला दोष दिला नाही."

"तीनतीनदा विचारायची, म्हणाल्या," तो म्हणाला. "मी एकदा तरी विचारायचं होतं." आणि तो शेताकडे चालू लागला. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणूस हलका होतो. तो झाला नाही.

त्याच वर्षी भात कापणीला येण्याआधी हिवतापाने दादा गेला. दिवस झाल्यावर आई म्हणाली, त्या बाईंना कळवायला हवं, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. त्यांचा पत्ता आमच्यापैकी कुणीच विचारून घेतला नव्हता. आईला वाटलं मी घेतला असेल, मला वाटलं दादाने.