काओरच्या बागेत दव गोठलं तो एप्रिल

मी घर सोडलं तेव्हा फेब्रुवारी होता, ऐन द्राक्षकाढणीचा. निफाडजवळच्या आमच्या गावात बागेच्या तोंडाशी क्रेट भरलेला ट्रक उभा होता आणि मला मुंबईला नेणारी गाडी त्याच्यामागे अडकली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रक पुढे घ्यायला लावला, मग माझ्या खिडकीशी आले. हात रसाने चिकट होते म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले. म्हणाले, "ताई, मी विमानतळावर येत नाही. माल उन्हात राहील." गाडी वळली तोवर ते पुन्हा बायामाणसांत शिरले होते. मला वाईट वाटलं नाही. आमच्याकडे फळ उतरलं की लग्नंसुद्धा पुढे ढकलतात.

नेदरलँड्समध्ये मी फूड सायन्स शिकले, आणि शेवटी नोकरी लागली ती द्राक्षांचीच. रायस्वाइकला भाड्याचं घर, सायकलने ऑफिस, आणि काम फ्रान्समधून वाइन मागवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. माझ्या वाट्याला काओर आलं. नैऋत्य फ्रान्समधल्या या गावाजवळून लॉत नदी इतकी वळणं घेत जाते की एकाच दुपारी तुम्ही ती चारदा ओलांडता. त्या भागाच्या नावाने फक्त रेड वाइनच विकता येते. माल्बेक नावाच्या द्राक्षाची, इतकी गडद, की लोक तिला काळी वाइन म्हणतात.

आमची वाइन बर्नार आणि ओदील या म्हाताऱ्या जोडप्याच्या वायनरीतून यायची. त्यांच्या तीन रेड. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतली हलकी, रोजच्या जेवणाची. वरच्या दगडगोट्यांच्या टप्प्यावरची जरा कडक. आणि सगळ्यात वर, चुनखडीच्या उघड्या माळावरची, जी दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवल्याशिवाय तोंडात धरवत नाही. दर सप्टेंबरला मी तोडणीला जायचे आणि बागेतून अण्णांना व्हिडिओ कॉल करायचे. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण त्यांना वेली बघायच्या असत. मांडव नाही, वेल जेमतेम कमरेएवढी, छाटणी वर्षातून एकदाच आणि हिवाळाभर वेल झोपलेली, याचं त्यांना फार नवल वाटे. "आपल्या वेलीला आपण झोपूच देत नाही," असं ते एकदा म्हणाले, थोडं अपराधी वाटल्यासारखं.

त्यांनी पासपोर्ट काढला. सप्टेंबरमध्ये त्यांना काओरला न्यायचं ठरलं. बर्नारने त्यांच्यासाठी एक कात्री बाजूला काढून ठेवली. आणि त्याआधीच, मार्चमध्ये, कोरोनामुळे सगळं बंद झालं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ती दोन वर्षं वेगळी सांगायला नकोत. जे मागे राहिले त्यांना एवढंच सांगते, की आम्ही इथे सुखरूप होतो आणि त्या सुखरूपपणाचा काही उपयोग नव्हता. रेस्टॉरंटं बंद, गोदामात काओरच्या पेट्या छताला टेकलेल्या. मी स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपसमोर वाइन चाखायचे आणि स्क्रीनवरच्या माणसांना तिचा वास कसा आहे ते सांगायचे.

दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला काओरच्या बागांवर दव गोठलं. वेली नुकत्याच फुटल्या होत्या. बर्नार-ओदीलने वेलींना ऊब मिळावी म्हणून रात्रभर बागेत पेंढा पेटवला, मेणाचे डबे पेटवले. सकाळी ओदीलचा फोन आला. कोंब काळे पडले होते, बोट लावलं की गळत होते. बर्नार कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, बाहेर उभा आहे, काही करत नाही.

पुढच्या काही दिवसांतच अण्णांना ताप आला. नाशिकला महत्प्रयासाने बेड मिळाला. माझा भाऊ संदीप ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होता आणि मी इथे, स्वच्छ रस्त्याच्या, शांत घरात, ट्यूलिप फुललेल्या खिडकीशी, एकामागून एक नंबर फिरवत होते. बहुतेक लागायचे नाहीत. तिकीट काढलं, ते रद्द झालं. दुसरं काढलं, तेवढ्यात विमानंच बंद झाली.

एका दुपारी नर्सने अण्णांच्या तोंडासमोर फोन धरला. मी काओरचं सांगून बसले. त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"डोळे गेले का?" डोळे म्हणजे वेलीचे, जिथून कोंब फुटतो ते.

"गेले, अण्णा. सगळे."

"मागचा डोळा फुटेल. फळ धरणार नाही यंदा. पण वेल जगते. त्यांना सांग."

नर्सने मास्क परत लावला. ते आमचं शेवटचं बोलणं.

अंत्यसंस्काराला संदीप एकटा होता. त्याने फोन चालू ठेवला, पण चित्र अडकत होतं, आणि मग बंदच पडलं. दुसऱ्या दिवशी कामाची मीटिंग होती, मी ती केली.

मे महिन्यात बर्नारने कळवलं की वेली पुन्हा फुटल्या आहेत, घड जवळजवळ नाहीतच. माळावरची वाइन त्या वर्षी त्यांनी केलीच नाही.

मला घरी पोचता आलं तेव्हा गणपती बसून उठले होते. घरात सगळं सुरळीत चाललेलं. संदीप छाटणीची माणसं ठरवत होता, वहिनी पोरांचे डबे भरत होती. त्यांचं रडून झालं होतं. मी उंबऱ्यातच खाली बसले आणि मला रडू फुटलं. त्या चालू घरात माझ्या रडण्याला कुठे जागाच नाही, अशी मला लाजही वाटली. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, आता पुरे म्हणावं पोरीला, इतके महिने झाले.

आईने हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"तिच्यासाठी ते आज गेलेत," ती म्हणाली, आणि माझ्याजवळ बसून पुन्हा पहिल्यापासून रडू लागली.

रायस्वाइकमध्ये माझं घर आहे, पडदे आहेत, दारावर नाव आहे. पण घर कुठे, असं कुणी विचारलं की मला तो उंबरा आठवतो, जिथे माझ्यासाठी कुणी आपलं संपलेलं दुःख पुन्हा सुरू केलं.