बत्तिशीकाकांचा मागचा डबा

बत्तिशीकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, दात मात्र जन्मभर राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की हे गोंधळून बघत, आणि तो हसला रे हसला की ओरडत, "अरे, खालची उजवी दाढ! बरी आहे ना?"

दातांच्या एका लहानशा दवाखान्यात ते कवळ्या करत. कवळी करायची तर आधी तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा ओततात. तो जपला की पुढे कवळी मोडली तरी माणसाला पुन्हा तोंड वासून बसावं लागत नाही. मागची खोली अशा साच्यांनी छतापर्यंत भरलेली. पुढच्या फळीवर दाटी झाली की जुने साचे मागे न्यायचे, हा तिथला नियम. मागे गेलेलं हरवत नाही यावर काकांची देवाइतकी श्रद्धा.

त्या गर्दीत एक साचा काकूंचा होता. त्यांच्या तोंडाला मोठं दुखणं होऊन गेलं होतं. उपचारांनी जीव वाचला, पण जबडा आखडला. तोंड जेमतेम बोटभर उघडे. लवचिक कवळी तिरकी करून कशीबशी आत सरके, पण माप घ्यायचा पसरट चमचा जाणं अशक्य. कवळी झिजत आली होती, आणि पुढची होणार ती दुखण्याआधीच्या त्या साच्यावरूनच.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना मागची खोली दुसऱ्या खुर्चीसाठी हवी होती. त्यांनी साच्याचं हुबेहूब चित्र काँप्युटरमध्ये उतरवणारं यंत्र आणलं. "काका, सगळे साचे यात घालू. पण काँप्युटर बिघडला तर पंचाईत नको. दुसरी प्रत कशी ठेवायची ते तुम्हीच ठरवा. तुम्ही पक्कं म्हणालात की मगच प्लास्टर फोडू."

काकांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण घाबरलं. काँप्युटरवाला दोन डबे घेऊन आला.

"हा रोज संध्याकाळी प्रत काढतो आणि जुन्या प्रती बाजूला जपून ठेवतो."

"आणि दुपारी वीज गेली तर सकाळचं काम?"

"ते गेलं."

"मग काय चाटायचाय तो? हा दुसरा?"

"हा आरसा समजा. इकडे केलं की तिकडे झालं. पण काका, इकडे वाईट केलंत तर तिकडेही वाईटच होणार, बरं का."

"आम्ही कशाला वाईट करू? आम्ही दात करतो!"

काँप्युटरवाला खो खो हसला, काकाही हसले, आणि त्या हसण्यात आरसा पसंत झाला.

काकांनी डबा मागच्या खोलीत ठेवला आणि पारखून घेतला. नवा साचा चढवायचा, धावत मागे जायचं, डब्यात डोकावायचं: हजर! मुद्दाम वीज घालवून पाहिली, तरी हजर. चढवून असं कितीदा तरी पाहिलं. काढून मात्र एकदाही पाहिलं नाही.

"अहो, माझा तेवढा राहू द्या," काकू म्हणाल्या. "कोपऱ्यात कितीशी जागा खाणार आहे?"

"वा! लोकांचे फोडायचे आणि घरचा जपायचा? लोक तोंडात शेण घालतील."

"घालतील तेव्हा मापं घेऊन ठेवा."

फोडायच्या दिवशी पहिला हातोडा काकांनी बायकोच्याच साच्यावर मारला.

दुसरी खुर्ची आली, रुग्ण वाढले, आणि काँप्युटर भरत जाऊन गोगलगाईसारखा चालू लागला. काकांना नवल वाटलं नाही. पुढची फळी दाटली, दुसरं काय! जुने साचे मागच्या डब्यात आहेतच. भर दुपारी चहा बाजूला ठेवून त्यांनी जुनी सगळी चित्रं पुसली. काँप्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पसारा त्यांना खपत नसे. मग हलक्या मनाने जाऊन मागचा डबा उघडला.

डब्याने काम चोख केलं होतं. इकडचं पुसलं तसं तिकडचंही पुसलं होतं.

काँप्युटरवाला धावत आला. "काका, मी म्हणालो होतो..." म्हणत त्याने डब्याच्या तारा सोडवल्या. डबा घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा हाती काही अर्धेमुर्धे जबडे होते. त्यांत काकूंचा नव्हता.

"असे खचू नका," बाई म्हणाल्या. "लोकांना बोलावू, पुन्हा मापं घेऊ. चार शिव्या खाऊ." आणि खरंच लोक आले, कुरकुरले, तोंड वासून बसले. एकेकाचा साचा पुन्हा उभा राहिला.

त्याच सुमारास काकूंची कवळी मधोमध तडकली; झिजलेले तुकडे ना सांधता येत होते, ना त्यांवरून माप निघत होतं.

बाईंनी लहान मुलांचा चमचा घेतला. जबडा शेकला, चमचा तिरका धरला, उलटा धरला. ओठाचा कोपरा फाटून रक्त आलं तेव्हा त्या थांबल्या.

"याहून लहान?" काकांनी विचारलं.

"नसतो, काका."

कवळीविना काकूंचे शब्द धड उमटत नव्हते, तरी त्या म्हणाल्याच, "राहू द्या हो. जन्मभर यांचं डोकंच तर खाल्लं. त्याला कुठे दात लागतात?"

चमचे धुणं हे काकांचं काम. त्यांनी नळ सोडला, चमचा धुतला, पुसला, आणि मुलांच्या चमच्यांत परत ठेवून दिला.