लिटरला बारा

आमच्या जुन्या मोटारीने लिटरला बारा किलोमीटर दिल्याची लेखी नोंद माझ्याकडे आहे. ती मी स्वतः केली आहे, आणि मी मोजणी खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस आहे.

इंझोरीत आमच्या घराण्यात मोटार घेणारा मी पहिला. पेट्रोलचा काटा ती घेतानाच मेलेला होता. त्यातच पेट्रोल महागले, तेव्हा मी डॅशबोर्डावर पुठ्ठा ठोकून तक्ता आखला. टाकी पार कोरडी करायची, मापाने पेट्रोल ओतायचे आणि किलोमीटर मोजायचे. माझी पत्नी यशोदा शेजारी बसून आकडे वाचत असे.

"अवो, समोर म्हैस हाये!"

"पहिले आकडा सांग!"

त्या रविवारी थोरली लेक मित्रा हिची सोयरीक केनवडला ठरायची होती. मुलाचे मामा दुपारच्या एस्टीने परत जाणार होते आणि त्यांच्या होकारावाचून साखर वाटली जाणार नव्हती. मी मात्र (आज लाज वाटते!) तो दिवस चाचणीला उत्तम मानला. लिटरला बारा धरून केनवडपर्यंत नेमके लागेल तेवढेच पेट्रोल ओतले. थेंब जास्त नाही!

उतारावर इंजिन बंद केले. चढावर वजन कमी व्हावे म्हणून मित्रासकट सर्वांना खाली उतरवले. नवे लुगडे सावरीत, लाडवांचा डबा कडेवर घेऊन यशोदा मोटारीमागून चालू लागली.

"मोटर कायले घेतली मंग? पायीच गेलो असतो!"

मालेगावच्या पंपाशी ती पुन्हा म्हणाली, "दोन लिटर टाका ना."

"मधात टाकलं तं ॲव्हरेज बिघडते!" असे म्हणून मी ताठ मानेने पुढे निघालो.

केनवड सहा किलोमीटरवर असताना मोटार दोनदा खोकली आणि थांबली. मागून एक बैलगाडी आली.

"मोटर बंद पडली काय जी?" गाडीवानाने विचारले.

"बंद नाही पडली. पेट्रोल सरलं."

"मंग अलग काय झालं?"

त्याने मोटार दोराने गाडीला बांधली. माझी मोटार बैलांच्या चालीने चालू लागली! मी स्टिअरिंग धरून बसलो. मनात एस्टीची वेळ होती, आणि (कबूल करतो) डोळे तक्त्यावर. चाके फिरत होती, त्यामुळे किलोमीटरचे आकडे इमानाने पुढे सरकत होते!

केनवडच्या वेशीत सगळे गाव आम्हाला पाहायला उभे होते. मामा हातात पिशवी घेऊन निघण्याच्या बेतात होते. बैलांमागून मोटार येताना पाहून थबकले. जयभीम झाला, पाणी झाले. मामांनी सहज विचारले, "ॲव्हरेज काय देते जी?"

मी मोटारीतून काढून आणलेला तक्ता समोर धरला. छाती आपोआप फुगली. "बारा! मी काढलं होतं, तेवढंच आलं!"

डोक्यावर पदर घेऊन बसलेली मित्रा खालच्या मानेनेच म्हणाली, "बाबा, शेवटचे सहा बैलाईचे हायेत. थे वजा करा."

पाहुण्यांसमोर बापाच्या हिशेबात चूक काढणारी मुलगी! यशोदेने डोळे मिटले. मला वाटले, माझ्या बारापायी पोरीची सोयरीक मोडली. मामांनी पिशवी खाली ठेवली.

"आमच्या घरी खरं बोलणारं कोनीच नाई. हे पोरगी पाह्यजे!" आणि ते हसत सुटले. "वाटा साखर! मी उद्याच्या एस्टीनं जातो."

आयुष्यभर जमिनी मोजून कधी वाटला नाही एवढा अभिमान मला त्या क्षणी लेकीचा वाटला. तो मनात साठवतो न साठवतो तोच मामा मला व्याही मानून माझ्याकडे वळले.

"फक्त एक अट हाये, इवाईबुवा. लग्नाले नवरी एस्टीनं आना."

अट मी पाळली. लग्नाला आम्ही सगळे एस्टीनेच गेलो. ड्रायव्हरला मात्र मी मालेगावपर्यंत तीनदाच विचारले, "हे किती देते जी?" चौथ्यांदा विचारल्यावर त्याने मला मागच्या सीटवर बसवले.