वहिनीचं पथ्य

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचे. आमचं गाव जाफराबादच्या पुढे, आडवळणाला. घरातला पहिला पदवीधर मी. जालन्याला कॉलेजात शिकत होतो तेव्हा रोजचं जेवण गावाहून यायचं. रात्री गावात मुक्कामाला थांबणारी एसटी पहाटे जालन्याला निघायची. तिला आम्ही मुक्कामी गाडी म्हणतो. ड्रायव्हरच्या पाठीमागे आमच्यासारख्या पोरांचे डबे ओळीनं लागलेले असायचे. वहिनी अंधारात उठून भाकरी थापायची आणि गाडी सुटायच्या आत डबा तिथं ठेवून यायची.

एक गोष्ट तेव्हा मला कधी जाणवली नव्हती. घरात कुणाच्याही पोटात घास जायच्या आधी, अगदी देवाच्या नैवेद्याच्याही आधी, माझा डबा भरला जायचा. यात मायला किंवा दादाला कधी काही वावगं वाटलं नाही. गाडी कुणासाठी थांबत नाही, एवढं कारण त्यांना पुरत होतं.

मी आता जालन्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. ही नोकरी त्या डब्यावर उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी वहिनीचं पोट वाढायला लागलं. तिचं वय पंचेचाळिशीच्या आसपास. आधी लुगड्याची गाठ वर सरकली, मग श्वास लागायला लागला, मग दोन घास खाल्ले की पोट तट्ट. पाण्याच्या टाकीवर बायकांनी तिला सोडलं नाही.

"आता सून आणायची वेळ, अन् हिलाच दिवस गेले का काय!"

वहिनी हसून म्हणायची, "हौ, पाळण्याची दोरी तूच ओढशील ना?" पण हंडा उचलताना तिला कमरेला हात लावावा लागायचा.

मी तिला आणि दादाला जालन्याला बोलावून घेतलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागदावर यकृत काढलं आणि त्यात द्राक्षाच्या घडासारखे फुगे काढले. पॉलिसिस्टिक लिव्हर, असं त्यांनी नाव सांगितलं. यकृतात पाण्यानं भरलेले फोड होतात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. बायकांत जास्त वाढतात. बहुतेक वेळा रक्तातूनच, आईबापांकडून येतात. वहिनी म्हणाली, तिची आईसुद्धा पोटात गोळा होऊनच गेली होती, आणि गावानं तेव्हा करणी केली म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "काही खाल्ल्यानं हे आलेलं नाही, त्यामुळं काही सोडल्यानं जाणारही नाही. कुठल्या पाल्यानं, रसानं हे फोड विरघळत नाहीत. बाकीचं यकृत छान काम करतंय, रिपोर्ट चांगले आहेत. त्याला फक्त त्रास देऊ नका."

"पन मंग खायचं काय?" दादानं विचारलं.

"नेहमीचंच. फक्त यकृत मोठं झाल्यामुळं जठराला जागा उरलेली नाही. एका वेळी थोडं खायचं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे. उपाशी राहायचं नाही. आणि हार्मोनच्या गोळ्या, पाळी पुढं ढकलायच्या असल्या तरी, मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. त्यांतल्या काहींनी हे वाढू शकतं. ताप आला, एकदम दुखायला लागलं, पोट फारच वाढलं तर लगेच या. त्याचे उपाय दवाखान्यात आहेत, घरात नाहीत."

दादा मान डोलावत होता. मला वाटलं, झालं, समजलं. पण गावी जाताना जीपमध्ये त्याचं डोकं वेगळ्याच वाटेनं गेलं. लिव्हर म्हटलं की आमच्याकडं दोनच गोष्टी असतात. माणूस पिणारा असेल तर दारू आणि बाई असेल तर कावीळ. डॉक्टरांनी काढलेली द्राक्षं दादानं घडी करून खिशात घातली आणि काविळीच्या औषधाची चौकशी सुरू केली.

जालन्याच्याही पलीकडं, अंबडकडं, अंकुशनगरच्या अलीकडच्या एका गावात एक गृहस्थ रविवारी पहाटे काविळीचा पाला वाटून देतात. अनशापोटी दुधातून घ्यायचा. वर पथ्य : तेल बंद, मीठ बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडं तर नाव काढायचं नाही. मऊ भात आणि पातळ ताक, बास. दादा इतक्या लांब मोटारसायकलवर वहिनीला घेऊन दर रविवारी जायला लागला. मला फोनवर कळलं तेव्हा मी तापलो.

"दादा, तिला कावीळ न्हाईच!"

"अरे, लिव्हरचंच औषध हे ते. अन् तो मानूस एक पैसा घेत न्हाई. नारळ ठेवायचा फक्त. पैसे घेत न्हाई तो खोटा कसा असंल?"

या एका वाक्यापुढं माझं विज्ञान आजवर कधी टिकलेलं नाही. डॉक्टर पैसे घेतो म्हणून त्याच्यावर संशय. पालेवाला घेत नाही म्हणून त्याच्यावर शंका घेणं हेच पाप. फुकट दिलेल्या चुकीच्या औषधाची किंमत कुणाच्या अंगातून वसूल होते, हे विचारायची आमच्याकडं पद्धतच नाही.

त्यात भेटायला येणारे. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं येत नाहीत. पूर्वी बिस्किटाचा पुडा आणायचे, आता उपाय आणतात. कुणी पपईच्या बिया, कुणी कारल्याचा रस, कुणी पोटावर बांधायला एरंडेलाची पट्टी. एकीनं मोबाईल पुढं धरून गोमूत्राचा व्हिडिओ दाखवला. वहिनी सगळ्यांना चहा करायची आणि स्वतः घ्यायची नाही, कारण पथ्यात चहाही नव्हता. हा आजार वहिनीला तिच्या आईकडून आलाय हे कळल्यावर माय एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हंजे माहेराहून आनलेला रोग हाय." माझी माय वाईट नाही. तिला तिच्या सासूनं याहून वाईट ऐकवलं होतं. पण म्हणून ते वाक्य मला आजही गिळता येत नाही.

महालक्ष्म्यांच्या सणाला मी गावी गेलो. वहिनी चुलीपुढं बसली होती. पुरण, सोळा भाज्या, आंबील, पापड, सगळं तिच्याच हातचं. मी पाया पडायला वाकलो आणि माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. पूर्वी मनगटात रुतणाऱ्या बांगड्या कोपराकडं घसरत होत्या. दंड पोराच्या दंडाएवढा. गालफडं वर आलेली. आणि पोट मात्र पहिल्याइतकंच मोठं. पोट मोठं होतं म्हणून त्या घरात ती उपाशी आहे हे कुणाला दिसलं नव्हतं.

"वहिनी, काय खाल्लं सकाळपासून?"

"नैवेद्य व्हायचाय की आजून, भावजी."

"अन् काल?"

"भात. ताक." मग हळूच, "अळणी भात घशाखाली उतरत न्हाई वो."

पुढं कळलं की सणात शिवाशिव नको म्हणून तिनं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्याही घेतल्या होत्या. दर सणाला घेते. घरच्यांनीच मेडिकलमधून आणून दिल्या होत्या. डॉक्टरांनी ज्या दोन गोष्टी टाळायला सांगितल्या, त्या दोन्ही आमच्या घरानं देवाच्या आणि औषधाच्या नावानं बिनचूक केल्या. ज्या बाईनं माझ्यासाठी रोज अंधारात भाकरी थापली, ती सोळा भाज्या शिजवून उपाशी बसली होती आणि घर म्हणत होतं, पथ्य चालू आहे.

मी ओरडलो. सणाच्या दिवशी, पाहुण्यांदेखत.

"पथ्य म्हणतात याला? तिला उपाशी मारून राह्यले तुम्ही!"

दादाचा चेहरा पडला. "मी? मी मारून राह्यलो? दर रविवारी कोन घेऊन जातंय तिला, पावसापान्यात?"

त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं जीव तोडून चुकीचं केलं होतं. अशा माणसावर रागावणं फार अवघड असतं. पण रागवायचं नाही म्हटलं, तर वहिनीचे दंड कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी मी दोघांना जालन्याला आणलं. रक्त तपासलं. पहिल्या वेळी बरोबर असलेले यकृताचे आकडे आता वाढले होते. डॉक्टरांनी विचारलं, "कसला पाला?" दादानं सांगितलं. डॉक्टरांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. मग म्हणाले, "फोडांनी जे बिघडवलं नव्हतं ते बहुतेक या पाल्यानं बिघडवलंय. आजपासून बंद. आणि यांना जेवू घाला."

दादानं त्या दिवसापासून पाला बंद केला. त्याबद्दल मी त्याला मानतो. परत जाताना त्यानं स्टँडवर अंड्यांचा ट्रे विकत घेतला आणि मांडीवर धरून गावापर्यंत नेला. आमच्याकडं अंडं अंगणातल्या चुलीवर चालतं, घरातल्या गॅसवर चालत नाही. मायनं त्यासाठी वेगळं पातेलं काढून दिलं. मला वाटलं, आता सुटलो.

पण खरी अडचण पाल्याची नव्हतीच.

पुढच्या वेळी गेलो तर अंडी तशीच होती. वहिनी सकाळी आठला खायला बसेना. दहाला बसेना. दादा शेतातून येईपर्यंत, मायचं जेवण होईपर्यंत, पोरं जेवेपर्यंत ती थांबायची. मग शेवटी बसायची आणि दिवसभराचं एकदम खायला जायची. दोन घासांत पोट भरायचं. उरलेलं ती झाकून ठेवायची आणि रात्री पुन्हा तेच. डॉक्टरांनी सांगितलेलं पाच-सहा वेळचं खाणं आमच्या घरात मावत नव्हतं, कारण घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. हे कुणी कधी ठरवलं नाही आणि कुणी कधी मोडलंही नाही. एकदा तिनं सकाळी मुगाचं वरण घेतलं, तर शेजारची चुलत जाऊ दारातूनच म्हणाली, "राणीसाहेबांची न्याहारी चाललीय वाटतं! आमाला मेलं भूक लागायलाबी टाइम न्हाई."

तेव्हापासून वहिनी दाराआड उभी राहून शेंगदाणे खायची. स्वतःच्या घरात, चोरासारखी.

मी मायला म्हटलं, मी दादाला म्हटलं, मी त्या चुलत जावेलाही म्हणणार होतो. वहिनीनं मला थांबवलं.

"भावजी, तुमी भांडान अन् सांच्या गाडीनं जालन्याला जान. मला हितंच ऱ्हायचंय. सगळ्यांच्या आधी ताट वाढून कसी बसू मी? जीव जाईल पन ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

मी रागातच गाडीत बसलो. ती खाईल का, एवढाच प्रश्न होता. शस्त्रक्रियेचा नाही, महागड्या औषधाचा नाही. एक चतकोर भाकरी, वेळेवर. आणि ती सोय चंद्रावर जाण्याइतकी अवघड झाली होती.

जाफराबादच्या स्टँडवर गाडी थांबली. एका बाईनं खिडकीतून ड्रायव्हरकडं डबा दिला, तिच्या पोराचा असेल. ती घाईत होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मला सुचलं.

जालन्याला पोचल्यावर मी माळ्यावरून माझा जुना डबा काढला, चार पुडांचा, म्हणजे एकावर एक चार कप्प्यांचा, एका कडीला तार बांधलेला. घासला. त्यात एक पत्र घातलं आणि वरच्या पुडाला दोरा गुंडाळून गावाकडं जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडं दिला.

त्याचं पुढं काय झालं ते आधी सांगतो. वहिनीचं पोट आहे तेवढंच आहे, ते पाल्यानं जाणार नव्हतं आणि डब्यानंही जाणार नाही. तपासणीला आम्ही जातो. पण मागच्या खेपेला रक्ताचे आकडे उतरले होते, आणि बांगड्या मनगटाशी आल्या आहेत. जाऊबाई अजून बोलते. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पत्र असं होतं :

वहिनी,

हा डबा ओळखला का? कडीची तार दादानं बांधलेली, तुमच्यासमोर.

तुम्हाला सगळ्यांच्या आधी जेवता येत नाही म्हणता. बरं. मग जेवू नका. डबा भरा. तुम्ही माझा डबा सगळ्यांच्या आधी भरत होता, तेव्हा आमच्या घराचा धर्म बुडाला नाही. आता रोज पहाटे हा भरायचा. एका पुडात वरण, एकात चतकोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, एकात उकडलेलं अंडं, एकात दहीपोहे नाहीतर जे असेल ते. उन्हाळ्यात दही ताजं लावा. मीठ-तेल नेहमीचं घाला, ते तुमचं कुणी बंद केलेलं नाही. सणाच्या गोळ्या मात्र परत घेऊ नका. देवीला तुम्ही जिवंत हव्या आहात.

मुक्कामी गाडीचा हॉर्न वाजला की पहिला पूड उघडायचा. दहाची जीप गेली की दुसरा. दुपारची गाडी आली की तिसरा. सांजच्या गाडीला चौथा. गाड्या गेल्यावर भूक लागली तर ताक आहे, फुटाणे आहेत. घरच्यांसोबतचं शेवटचं ताट तुम्ही वाढून घ्या, दोन घास खा, तुमचा मान राहील. कुणी विचारलं तर सांगा, धाकट्या दिराचा डबा आहे, गाडी थांबत नाही. खोटं नाही ते. तो माझाच डबा आहे.

दाराआड उभं राहून खाऊ नका. ओसरीवर बसून खा. जाऊबाई आल्या तर त्यांना एक पूड द्या, आणि दुसऱ्या दिवशी जास्त भरा.

दर शनिवारी रिकामा डबा मला पाठवा. मी तो घासून रविवारी परत पाठवीन, तोवर घरातला दुसरा डबा भरा. रिकामा आला नाही तर मी शाळा टाकून गावी येईन आणि पाहुण्यांदेखत परत ओरडेन.

जेवा.

तुमचा
भावजी