मेहकरच्या शाळेतला ग्रहांचा पाठ

निजामाचं राज्य गेलं आणि दोन-तीन वर्षांत आमच्या मेहकरच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. तालुक्याचं मोठं मेहकर नव्हे, हे निजामाच्या मुलखातलं आमचं खेडं. घरात मी जन्मभर मराठीच बोललो होतो, पण शिकलो सगळं उर्दूत. सूर्यमाला मला तोंडपाठ होती. फक्त तिच्यात मंगळ नव्हता, मिर्रीख होता, आणि गुरूच्या जागी मुश्तरी.

तपासणीचे साहेब येऊन पाठ ऐकणार होते. ज्याला मराठीत शिकवता येणार नाही त्याच्या नोकरीचं काही खरं नाही, असं सगळे मास्तर बोलत होते. माझी बायको सोलापूरकडची, मराठी चौथी शिकलेली. भाकरी थापता थापता ती माझी उजळणी घ्यायची.

"मुश्तरीला काय म्हणायचं?"

मी बोटांवर ग्रह मोजायला लागलो.

"अहो, वार म्हणा की! मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. सगळे ग्रहच हायत ते."

साहेब आले आणि वर्गाच्या मागं खुर्ची टाकून बसले. सूर्य सगळ्या ग्रहांना आपल्याकडं ओढतो, इथवर पाठ सुरळीत गेला. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली.

"गुरुजी, सूर्य एवढा ओढायलाय तर पृथ्वी त्याच्यात पडंना कामून?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण मराठीत शब्द सुचेना. ज्वारी दाण्यात आलेली, राखणीला जाणाऱ्या एका पोराच्या कमरेला गोफण होती. ती मागून घेतली, वर्ग बाहेर काढला, सगळ्यांना लांब मागं उभं केलं आणि गोफण गरगर फिरवायला लागलो.

"दगड कसा जायलाय?"

"गोल!"

"त्याला जायचंय सरळ. दोरी आत ओढायलीय, म्हणून वळायलाय. आता बघा."

दोरीचं एक टोक सोडलं. दगड सरळ सुसाट गेला आणि मोकळ्या माळावर पडला.

"पृथ्वीचं तसंच. तिथं दोरी न्हाई, नुसती सूर्याची ओढ. त्या ओढीनं ती सूर्याकडं पडतच असते. पण बाजूला इतकी जोरात पळते, की पडता पडता त्याला चुकवून जाते. अशी ती फिरत राहते. ही तिची वाट म्हणजे मदार."

उर्दू शब्द तोंडातून निसटला. साहेबांनी चटकन माझ्याकडं पाहिलं.

ती मुलगी मात्र खूश होती. "म्हंजे पळायलीय म्हणून वाचायलीय!"

शाळा सुटल्यावर साहेबांनी मला एकट्याला बोलावलं.

"मदार म्हणालात तुम्ही."

"जी. चूक झाली, साहेब. कक्षा म्हणायचं होतं."

साहेबांनी दाराकडं एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कक्षा! मघापासून तोच शब्द आठवायलो मी. मास्तर, माझं तरी शिक्षण कुठं मराठीत झालंय?" मग मोकळं हसले. "पोरीला समजलं न्हवं? बस्स झालं. शिकवत राहा."

छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. रस्ताभर मी काय विचार करत चाललो, काही आठवत नाही. घरी बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"राहा म्हणाले."

तिनं डोळ्याला पदर लावला. मी टोपीसकट बाजेवर आडवा झालो आणि दिवसाउजेडीच गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती केव्हाच शेजारणींना सांगायला गेली होती.